कर्कटकातला धूर

हैमवती वकीलबाई मंत्री होणार हे कळलं, तेव्हा आमच्या कुंडरा गावात इतके फटाके वाजले की कावळे दोन दिवस परतले नाहीत. मी मात्र स्वयंपाकघरात बसून चक्क रडले. मंत्र्याला वकिलाचा काळा कोट घालता येत नाही, आणि काजू कारखान्यातून काढलेल्या आम्हा बासष्ट बायकांचा खटला नेमका शेवटाला आला होता.

वीस वर्षं ही बाई लाल झेंडा घेऊन आमच्या गेटवर उभी राहायची आणि आमच्याचसाठी कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायची. दोन निवडणुका हरली, तिसरी जिंकली. पक्षातलेच लोक म्हणायचे, ही भाषण करते की उलटतपासणी घेते!

"चेच्ची, तुम्ही गेलात की आमचं काय?" मी फोनवर विचारलं. आम्ही सगळ्या तिला चेच्ची, म्हणजे ताईच म्हणायचो.

"तू आहेस ना युनियनची सेक्रेटरी! कायद्यानं तुला उभं राहता येतं."

"मी? मी काजू फोडणारी बाई!"

"मग तो पिळ्ळै मॅनेजर तुझ्यापेक्षा जास्त फोडतो का? आणि ऐक तंकम्मा, तुमच्या तारखेच्या दिवशीच माझा शपथविधी आहे. तिथं एकीनंही यायचं नाही. सगळ्या कोर्टात!"

म्हणजे तिकडे तिची शपथ आणि इकडे माझी परीक्षा. कंपनीचं म्हणणं एवढंच होतं, की पावसाळ्यात तीन महिने कारखाना बंद होता, त्यामुळे आमचे वर्षाचे दिवस भरत नाहीत आणि आम्ही कायम कामगार नाही. हजेरीची बुकं म्हणे वाळवीनं खाल्ली. वाळवी भलतीच हुशार, नेमके तेच तीन महिने खाल्ले.

मी उभी राहिले. कंपनीचा वकील गालातल्या गालात हसत होता. पिंजऱ्यात पिळ्ळै.

"सार, तुमचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून ना?"

"हो."

"कर्कटक महिन्यात, भर पावसाळ्यात, तुमच्याकडे रामायण कोण वाचतं?"

"माझी बायको. रोज संध्याकाळी. एक दिवस चुकत नाही."

"आम्हाला काढलं त्या वर्षी खोकल्यानं वाचन मोडलं म्हणे."

"कोण म्हणतं?" पिळ्ळै उसळला. "मी सहाच्या आत भट्टी विझवायला लावायचो! धूर नाही, खोकला नाही!"

त्याच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बंद कारखान्यात भट्टी कसली पेटवत होता?"

मागच्या बाकांवर जो गलका झाला, त्याला शिपाईसुद्धा आवरू शकला नाही. आपण जिंकतोय, हे मला तिथंच कळलं.

ओणम सणाच्या तोंडावर निकाल लागला. कंपनीला आम्हा सगळ्यांना परत घ्यावं लागलं.

कामावर आल्याच्या आठवड्यात वॉचमन धावत आला. "तंकम्मा, मंत्रीबाई गेटवर! तुला बोलावतात!"

माझे हात काजूच्या तेलानं आणि राखेनं काळे झाले होते. "सुट्टीच्या घंटेला वीस मिनिटं आहेत. घंटेआधी जागा सोडायची नाही, हे त्यांनीच शिकवलंय. थांबायला सांग."

मग खुद्द पिळ्ळै आला, घामाघूम. "अगं बाई, मंत्री उन्हात उभ्या आहेत!"

"वीस वर्षं तिथंच उभ्या होत्या, सार. तुम्हाला आज दिसल्या?"

मी काजू फोडत राहिले, पण एक डोळा घड्याळावर होता. घंटा झाली आणि मग मात्र मी तशीच, काळ्या हातांनी, गेटकडे पळत सुटले.