एकाहत्तर टिंब चार

तिने पडद्यावरचे दोन्ही रकाने शेजारी-शेजारी ओढून घेतले आणि खुर्ची पुढे सरकवली. डावीकडे माणसाने जे टाइप केलं ते, जसंच्या तसं. उजवीकडे त्यातून फॉर्मला जे समजलं ते. डावा रकाना तिच्या एकटीच्या हट्टापायी ठेवलेला होता. कंपनीतल्या बाकीच्यांच्या मते ती नुसती जागेची नासाडी होती.

"हे बघ," मागे उभा असलेला टेस्टर म्हणाला. "तुझ्या बाबांनी पक्ष बदलला वाटतं."

बाबांच्या नावापुढे ७१.४ होतं. आदल्या दिवशी ७१.४. त्याच्या आदल्या दिवशीही तेच.

"वजन तर छान आहे," टेस्टर म्हणाला. "पण टिंब? तूच सांगितलं होतंस ना, टिंब बघितलं की त्यांचं डोकं फिरतं म्हणून?"

तिने बोटाने पडदा खाली सरकवला.

घरी राहून उपचार घेणारी माणसं त्या फॉर्ममध्ये रोज सकाळी आपलं वजन भरत. माणसं वेगवेगळ्या देशांतली होती. कुठे पूर्णांकानंतर टिंब देतात, कुठे स्वल्पविराम. एकीकडे हजार वेगळे दाखवायला जे चिन्ह, तेच दुसरीकडे दशांशाला. जपलं नाही तर एकाचे ७१.४ किलो दुसरीकडे सातशे चौदा होऊन बसतात. ज्याला त्याला आपापल्या पद्धतीने लिहिता यावं आणि फॉर्मला ते बिनचूक कळावं, हे तिचं काम.

या कामाचं शिक्षण तिला घरातच मिळालं होतं. बाबा जमीन मोजणाऱ्या खात्यात होते, तिथे स्वल्पविराम चाले. आईने औषधं तयार करण्याचं शिक्षण दुसऱ्या मुलखात घेतलं होतं, तिथे टिंब. लग्नानंतर दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही. खिडकीच्या पडद्याचं माप असो की तापाचा आकडा, एकाने लिहिलेलं दुसरा खोडून दुरुस्त करून ठेवी. बाबा म्हणत, टिंब म्हणजे माशीची घाण. आई म्हणे, मी मेले तरी शेपटीवाला आकडा लिहायची नाही. मुलं पोट धरून हसत.

फॉर्म पहिल्यांदा घरी दाखवला तेव्हा दोघंही एकाच टॅबवर आपापलं वजन भरून बघत होते. टॅब बाबांच्या पद्धतीवर लावलेला. आईचं वजन सहाशेच्या वर गेलं. बाबा दिवसभर त्या आकड्यावरून तिला चिडवत राहिले. तेव्हा मुलीने आईपुरती एक ओळ लिहून टाकली : टिंबानंतर एकच अंक असेल तर तो दशांश धरावा. ती ओळ तशीच राहून गेली होती. आई जाऊन वर्ष उलटलं होतं.

पडदा वसंत ऋतूतल्या नोंदींपर्यंत खाली आला. तिथे स्वल्पविराम होते. ६९,८. ६७,५. ६५,६. आणि मग एका सकाळी, मध्ये काहीच नसताना, ७१.४.

तो दिवस तिला आठवत होता. दादाशी ठरलं होतं, वजन पासष्टच्या खाली गेलं तर बाबांना एकटं ठेवायचं नाही. दादाने एका वृद्धाश्रमात नाव घालून ठेवलं होतं. आठवड्याच्या आठवड्याला त्या दोघांना फक्त उजव्या रकान्याचा गोषवारा मेलने यायचा. त्या आठवड्यात दादाने फोन करून म्हटलं होतं, "ठमे, म्हातारा पठ्ठ्या निघाला. सुटलो आपण."

तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, वजन रोज करताय ना?"

"रोज. चहाच्या आधी. भरतो तुझ्या त्या पाटीवर."

"टिंब का देता मग?"

"मी?" बाबा खरोखरच दुखावले. "टिंब देतील माझे दुश्मन. तुझ्या यंत्रात काहीतरी बिघडलंय, मला काय विचारतेस?"

रविवारी सकाळी ती त्यांच्याकडे गेली. दार उघडलं तेव्हा आधी तिला बाबांचा पट्टा दिसला. त्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं होती आणि उरलेलं टोक कमरेभोवती निम्म्यापर्यंत गेलं होतं. सदऱ्याच्या कॉलरीत मान सैल हलत होती.

"आलीच आहेस तर साक्षीदार हो," ते म्हणाले आणि वजनकाट्यावर चढले. उतरले, टॅब हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि एका बोटाने, जमिनीचा नकाशा काढावा तसं, सावकाश भरलं. ५९,२. "हे बघ. शेपटी आहे की नाही?"

"बाबा, एकोणसाठ?"

"मग? बरेच दिवस साठच्या आसपासच आहे. एकाहत्तर होतो ते तुझी आई होती तेव्हा. शेवटचं तिनेच काट्यावर उभं केलं होतं मला, चांगला एकाहत्तर भरलो होतो." त्यांनी टॅब टेबलावर उपडा ठेवला. "तुम्ही दोघं रोज बघता, काही बोलला नाहीत. म्हटलं, या वयात एवढं उतरत असेल."

ती खुर्ची ओढून टेबलाशी बसली.

बाबा बटाटे सोलायला ओट्याशी गेले. तिने फोनवर त्यांची नोंद उघडली. ५९,२. अगदी बरोबर, डावीकडेही आणि उजवीकडेही. फॉर्म दिवसाची एकच नोंद ठेवत असे. नवी आली की जुनी पुसली जाई. ती बघत राहिली. नळ वाहत होता. बाबांचे दोन्ही हात पाण्यात होते. टॅब तिच्या कोपरापाशी उपडा पडला होता आणि त्याच्या कडेने प्रकाशाची रेघही येत नव्हती.

फोनवरचा आकडा बदलला. ७१.४. कुठून भरलं, या जागी याच टॅबचा क्रमांक होता.

तिने टॅब उचलून उलटा केला. काळी काच, तिच्यात तिचाच चेहरा.

"बाबा, घरात दुसरं कोणी येतं का?"

"कोण येणार?" ते पाठमोरेच म्हणाले. "दूधवाल्याला वजन विचारायला सांगितलंयस की काय?"

तिने गॅलरीत जाऊन दादाला फोन केला. वाढवून कोणी भरलं असेल तर ते त्याने तरी नक्कीच नव्हतं. त्याने तर वृद्धाश्रमात पैसे भरून ठेवले होते. खरा आकडा ऐकल्यावर तो म्हणाला, "तूच बनवलंयस ना ते? तुझ्याच फॉर्मने इतके दिवस आपल्याला गंडवलं?"

"दुरुस्त करते," ती म्हणाली.

त्याच दुपारी त्यांना आपल्याकडे न्यायला तिने बाबांची बॅग भरली. बाबांनी वाद घातला नाही, फक्त दारात थबकले.

"सगळे दिवे बंद नको करूस," ते म्हणाले. "आतला एक राहू दे."

"कशाला बाबा?"

"असू दे गं. घर अगदी टाकून दिल्यासारखं वाटायला नको."

कुलूप तिने लावलं, किल्ली तिच्याकडेच ठेवली. टॅब बंद करून पर्समध्ये घातला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना दाखल करून घेतलं. पोटात बरेच दिवस दबा धरून बसलेलं दुखणं होतं. आणखी उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं, असं ते म्हणाले. आता निभावेल. बाबा खाटेवर पडून वजनाचा तक्ता वाचत होते. नर्सने टिंब दिलं होतं. त्यांनी नर्सकडे पेन मागितलं.

मग ती ऑफिसात आली, टॅब टेबलाच्या खणात टाकला, खणाला कुलूप घातलं आणि आईची ओळ काढून टाकली.

"हा नियम कोणासाठी होता?" बदल तपासताना टेस्टरने विचारलं.

"घरच्यांसाठी."

"म्हणजे आता त्या पद्धतीवर टिंब दिलं की लाल अक्षरांत झापणार?"

"आकडा तुमच्या पद्धतीने लिहा, असं म्हणणार. स्वीकारणार नाही."

"कडक झालीस," तो म्हणाला आणि बदल पुढे पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यातूनच कामावर गेली. बाबा झोपले होते, हाताला सलाईन होतं, पायाशी दादा खुर्चीत पेंगत होता. वृद्धाश्रमाला त्याने अजून काही कळवलं नव्हतं. "आधी उठून तर बसू दे," एवढंच म्हणाला होता.

टेस्टर चहाचा कप घेऊन तिच्या जागेवर आधीच बसला होता. "तुझे बाबा बाकी चिवट हं," तो म्हणाला आणि उठून तिला जागा दिली.

नाकारलेल्या नोंदींच्या यादीत ७१.४ होतं. त्याखाली पुन्हा ७१.४. मग पुन्हा, जरा थांबून, मग घाईघाईने लागोपाठ. प्रत्येकापुढे त्याच टॅबचा क्रमांक आणि लाल अक्षरांतलं तेच वाक्य. दवाखान्यात बाबांच्या चहाची वेळ अजून झाली नव्हती.

तिने खणाला हात लावला. कुलूप लागलेलं होतं. किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत, घराच्या किल्लीशेजारी होती. तिने खण उघडला. टॅब तिथेच होता, बंद, हाताला गार.

यादी थांबली. टेस्टर चहा फुंकत राहिला. बराच वेळ काही आलं नाही, आणि तिने श्वास सोडला.

मग स्वीकारलेल्या नोंदींत, डावीकडच्या रकान्यात, एक नवी ओळ आली.

७१,४

"घ्या," टेस्टर हसून म्हणाला. "आले की नाही वळणावर? एवढ्याशा शेपटीसाठी किती तो हट्ट."

तिने टॅब दोन्ही हातांत धरला होता. तो तिने खणात ठेवला नाही, टेबलावरही ठेवला नाही.