परसातला पांढरा थर

सासूबाईंनी परसात लावलेलं लिंबाचं झाड त्यांच्यामागोमाग वाळलं, आणि त्याचं खापर सासऱ्यांनी स्वतःच्याच माथी फोडलं. "त्याला पाण्यात बुडवू नका हं," असं सासूबाई जाताना सांगून गेल्या होत्या. आणि सांगितलं कुणाला, तर जन्मभर घड्याळं दुरुस्त करून सुईच्या टोकानं तेल घालणाऱ्या माणसाला! त्यांनी पाणीही तसंच घातलं, मोजून तांब्याभर. झाड गेल्यावर त्यांनी परसाचं दार लावून घेतलं. त्यांची अन्नावरची वासनाच उडाली.

सून माती तपासायच्या खात्यात होती. तिला हे बघवेना. सुट्टीच्या दुपारी तिनं पहार उचलली आणि बुंध्याशी खणायला घेतलं. कमरेइतकं खाली गेल्यावर पहार ठणकन वाजली. माती झटकली, तर खाली पांढरी फरशीच. मुळं तिथवर येऊन आडवी वळली होती.

"हे माझ्या तांब्यांनी झालं," काठावरून सासरे म्हणाले.

"बाबा, आधी खाली या बघू."

हात धरून तिनं त्यांना उतरवलं. खड्ड्यात गारवा होता. खाली बसल्यावर आभाळ फार लांबचं वाटत होतं. तिनं कामाच्या पिशवीतली बाटली काढून थरावर अ‍ॅसिडचा थेंब टाकला, तसा तो फसफसला.

"चुना आहे. पाऊस मातीतला चुना विरघळवून खाली नेतो. इथला पाऊस बेताचा, त्यामुळे पाणी इथवरच येऊन दमतं. मग ऊन ते ओढून घेतं आणि चुना मागे राहतो. पुढच्या पावसात आणखी थोडा. असं हजारो वर्षं."

बोलता बोलता तिचा आवाज हलका होत गेला. त्या काळी इथं घर नाही, कुंपण नाही, रस्ता नाही. नुसतं माळरान, आणि त्याच्या पोटात पाणी उतरतंय, थांबतंय, निघून जातंय. सासऱ्यांनी थरावर अलगद तळहात टेकला.

"हजारो? एवढं चालणारं घड्याळ माझ्या दुकानात नव्हतं गं!" ते हसले. किती महिन्यांनी हसले!

"म्हणजे मी नाही मारलं?"

"नाही, बाबा. कुणीही कितीही पाणी घातलं असतं, तरी ते जगलं नसतं."

त्यांचं हसू मावळलं. "तिनं घातलं असतं तरी?"

सून थरावरची माती बोटानं झटकू लागली. साहेबांनी कितीही गळ घातली तरी मातीबद्दल खोटं बोलणार नाही, असा खात्यात तिचा लौकिक होता.

"हे एवढं," थरावरचा हात न काढता सासरे म्हणाले, "खोटं सांगितलंस तरी चालेल."

"आई असत्या तर," ती म्हणाली, "जगलं असतं."