उणे एक

इमारतीत किती माणसं उरली आहेत ते मोजणारा, सी भाषेत लिहिलेला एवढासा प्रोग्राम. दाराजवळच्या पडद्यावर शून्य आलं की दार आपोआप बंद व्हायचं. जुनं मशीन भंगारात गेलं, नवं आलं आणि पडद्यावर वाट्टेल ते आकडे नाचू लागले. प्रोग्राम नव्या मशीनवर नीट चालवून द्यायचं काम तिच्या गळ्यात पडलं, आणि चूक सापडली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोजणी कुठून सुरू करायची तेच लिहिणाऱ्याने सांगितलं नव्हतं! जुन्या मशीनमध्ये त्या जागी नेमका उणे एक पडलेला असायचा आणि त्या योगायोगावर सगळ्यांनी वर्षानुवर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

तिने तिथे शून्य लिहिलं. संध्याकाळी सगळे बाहेर पडले, शेवटी तीही आली, तरी पडद्यावर एक. रखवालदाराने खोली न् खोली धुंडाळली. आत कोणी नव्हतं.

"तुम्ही हात लावलात आणि बिघडलं," साहेब म्हणाले. "एक वजा करा आणि मोकळ्या व्हा."

"आत कोण आहे ते न बघताच?"

"उद्या शून्य दिसलं नाही, तर परवापासून येऊ नका."

म्हणजे चूक कुणाची आणि बोलणी खायची कुणी! प्रोग्राम लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. नोकरी सोडून त्यांना युगं लोटली होती म्हणे. चार शब्द सुनावायचेच, म्हणून तिने त्यांच्या घरी फोन लावला. बायकोने उचलला.

"ते ऑफिसातून आले नाहीत अजून. विचारलं की म्हणतात, निघतोच. तुम्ही तिथंच असता ना? जरा पाठवून द्या हो त्यांना. मी जेवायची थांबलेय."

साहेब हे ऐकून खो खो हसले. "अहो, मास्तरांच्या टेबलावर तर तुम्हीच बसता!"

दुसऱ्या दिवशी तिने दातओठ खात स्वतःच्या हाताने एक वजा केला. घर तिच्या पगारावर चालत होतं, तत्त्वं कुणाला वाढून घालणार? सगळे गेल्यावर ती खात्री करायला मागे थांबली. ती आत असेपर्यंत पडद्यावर एक दिसायला हवा आणि ती बाहेर पडली की शून्य, इतका सरळ हिशेब होता.

फोन वाजला. मास्तरांची बायको होती. आवाज रडवेला, पण आनंदाने.

"आले हो, आत्ताच आले घरी! फार बरं केलंत."

ती दाराकडे धावली. पडद्यावर शून्य होतं आणि दार बंद झालं होतं. तिने काचेवर हात आपटले, रखवालदाराला हाका मारल्या, साहेबांचा उद्धार केला. रखवालदाराने बाहेरून दार ओढून पाहिलं, आत एक नजर टाकली आणि शीळ घालत निघून गेला.

पुन्हा फोन वाजला. या वेळी नवरा होता.

"अगं, कुठे आहेस? आम्ही जेवायचे थांबलोय."

तिला केवढं तरी सांगायचं होतं.

"निघतेच," ती म्हणाली.