आईच्या हाताची घडी

"मुलगी शांत आहे, पण वर्गात नसते," बालवाडीच्या बाई तीन वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या. "म्हणजे बसलेली असते, पण लक्ष भलतीकडेच. एकदा कुणाला तरी दाखवून घ्या."

आईने ते हसण्यावारी नेलं. शांत मुलीला काय दाखवायचं? दाखवायची ती घर डोक्यावर घेणारी पोरं. आपली लेक तर विचारवंत!

आता विचारवंत दुसरीत होती. घरात तिला खारू म्हणत, कारण खारीसारखी वस्तू कुठेतरी ठेवून ती जागाच विसरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका सकाळी वेणी घालून घेताना ती म्हणाली, "आई, मी आळशी आहे का गं? बाई म्हणतात, सगळ्यांचं फळ्यावरचं उतरवून होतं, तुझंच कसं राहतं? मी उतरवतच होते. मधेच कुठे जाते ते मलाच कळत नाही."

आईच्या हातातला कंगवा थांबला. तीन वर्षांपूर्वीचं वाक्य आत्ता कुठे कानात शिरलं.

कान तपासले, डोळे तपासले, दोन्ही ठणठणीत. मग लहान मुलांच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दोन फॉर्म दिले, एक शाळेसाठी, एक घरासाठी. प्रत्येक प्रश्नापुढे चौकटी: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. आई जन्मभर पहिल्या पाचांत आलेली. 'नेहमी'वर खूण करणं म्हणजे पोरीला आपल्या हाताने नापास करणं! तिने रांगेने 'कधीच नाही' करून टाकलं आणि वर सुवाच्य सही ठोकली.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"या दोन मुली आहेत का?"

"नाही हो, एकच."

"शाळेत हिचं खोडरबर दिवसाआड हरवतं. घरी काहीच हरवत नाही?"

"मी शोधून देते ना."

"गृहपाठ विसरत नाही?"

"मी आठवण करते."

"कपडे घालताना रेंगाळत नाही?"

"छे! मीच घालते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे हा फॉर्म तुम्ही स्वतःचा भरलाय. तुम्ही उत्तम पास आहात. आता लेकीचा भरू या. आठवडाभर हाताची घडी, तोंडावर बोट. आठवण नाही, शोधाशोध नाही, ओरडाही नाही. रस्ता आणि गॅस, असा धोका असेल तेवढं सोडून. फक्त वहीत लिहायचं. बाबांनीसुद्धा."

पहिल्या दिवशी खारू मोजा आणायला गेली आणि वीस मिनिटांनी पट्टी घेऊन आली. पलंग आपल्यापेक्षा किती लांब आहे ते मोजत होती म्हणे. मोजा एकाच पायात.

"अगं, सांग ना तिला!" बाबा कुजबुजला.

"गप्प बस. मी लिहितेय."

"मग मी सांगतो."

"तूही घडी घाल!"

दुसऱ्या दिवशी दात घासायचा ब्रश बुटात सापडला. तिसऱ्या दिवशी स्वारी दप्तराशिवाय फाटकापर्यंत पोचली. चौथ्या दिवशी बाबा डब्याकडे बघून इतका खोकला की शेजारीण औषध विचारायला आली. आईने वहीत लिहिलं: 'खोकला हीसुद्धा आठवणच. नवऱ्याला ताकीद दिली.'

पाचव्या दिवशी डबा टेबलावरच राहिला. संध्याकाळी खारू रडवेली होऊन आली आणि तिने तळवा पुढे केला. त्यावर पेनाने काढलेली फिकट चित्रं होती: दप्तर, बाटली आणि एक निळा डाग.

"मी रोज उठल्या उठल्या काढते. विसरू नये म्हणून. पण आज हात धुतले ना, तर डबाच पुसला गेला."

आईची घडी सुटली. तिने तो हात दोन्ही हातांत घेतला. मग वहीत लिहिलं, 'आळशी नाही. कुणाला न सांगता एवढी मेहनत करते,' आणि बाईंनी परत दिलेल्या जुन्या फॉर्मवरच्या सगळ्या खुणा आयुष्यात पहिल्यांदा गिचमिड खाडाखोड करून खऱ्या केल्या.

आणखी तीन भेटी झाल्या, काही खेळ, शाळेशी बोलणं. मग बाईंनी सांगितलं, "हा एडीएचडी आहे. लक्ष टिकवण्याची अडचण. उड्या मारणारी मुलं लवकर दिसतात, स्वतःशीच हरवणाऱ्या मुली राहून जातात."

"मग मी आळशी नाही?" खारूने विचारलं.

"मुळीच नाही. तू तर इतरांच्या दुप्पट काम करतेस."

खारूने जरा विचार केला. "मग आईला सांगा ना, मोजे शोधायचं परत चालू कर म्हणावं."

आता दारावर खारूच्या उंचीला चित्रांची यादी आहे, हात धुतल्याने न पुसणारी. वर्गात तिची जागा पुढे आलीय. मोजे अजून हरवतात, पण शोधायला दोघी जातात. आणि मधेच दोघी पलंग मोजत बसतात, ही गोष्ट वेगळी.

आईचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात, वर्गात एखादी शांत पोरगी असेल, कुणालाच त्रास न देणारी. आज जरा तिच्याजवळ जाऊन बसा, आणि तिचा तळवा उघडून बघा.