प्रत्येकी दहा ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. पितळी पारडे, पांढरी तबकडी आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तो थेट चाळीस वृद्धांच्या निवासातल्या स्वयंपाकघरात आलो. स्वयंपाकीकाका माझ्यावर डाफरायचे, "माझ्या हाताचा अंदाज चुकत नाही. हा कोण टिकोजीराव लागून गेलाय?"

मला मान दिला तो आहारतज्ज्ञ ताईंनी. दुपारच्या जेवणाला तीन पर्याय असत: मासे, अंडी किंवा कडधान्य. सकाळी प्रत्येक जण चिठ्ठीवर आपल्या आवडीची खूण करी. ताई तिन्ही ताटांचा नमुना माझ्यावर तोलत, प्रथिने काढत, जितक्या खुणा तितक्यांनी गुणत आणि बेरजेला चाळीसने भागत. जेवणानंतरचे उष्टे एका बादलीत जमे. तेही मीच तोलत असे. चारशे ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी दहा.

"एवढं तर ताटालाच चिकटतं," ताई हसून म्हणत. प्रथिनांची सरासरी गरजेपेक्षा जास्तच भरे. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी फार फुशारलो होतो.

एके दुपारी बादलीला चीर गेली, म्हणून ताटे एकेक करून माझ्यावर आली. एकोणचाळीस ताटे चाटूनपुसून साफ होती. चाळिसाव्यातल्या माशाला कोणी हातही लावला नव्हता.

"हे कोणाचं?" ताईंनी विचारले.

"शिंपीण आजींचं," भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या. "दोन महिने असंच येतंय. मी बादलीत ओतते."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही बादली विचारत होतात, ताई. ताट कधी विचारलंत?"

ताई धावत वर गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या. "त्यांच्या धाकट्या बहिणीला मासे आवडायचे," त्या काकांना म्हणाल्या. "ती गेल्यापासून आजी चिठ्ठीवर तिच्याच आवडीची खूण करतात. ताट समोर आलं की घास उतरत नाही. नुसत्या चहावर आहेत. कपडे सैल झाले की स्वतःच टाचून घेतात, म्हणून कोणाला कळलंच नाही."

काकांनी सूप केले. आजींची वाटी जाताना मी तोलत असे आणि येतानाही. पहिल्या दिवशी ती वीस ग्रॅमनी हलकी होऊन आली, तिसऱ्या दिवशी सातने. पाचव्या दिवशी जशीच्या तशी परत आली. आजी गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उष्टे काहीच उरले नाही. ताईंनी ते शून्य एकोणचाळीसने भागले. इतकी चांगली सरासरी वहीत आधी कधीच आली नव्हती. ती लिहून ताई वहीवर डोके ठेवून रडल्या.

मित्रांनो, मी खोटे बोललो नव्हतो. चारशे ग्रॅम चारशेच होते. तरी माझ्या काळजाला घरे पडली. आता स्प्रिंग सैल झाली म्हणून मी कोठीत धूळ खात पडलो आहे, आणि स्वयंपाकघरात नव्या काट्यावर एकेक ताट तोलले जाते. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. कोणाचे ताट भरलेले परत आले, तर ते ओतण्याआधी त्या माणसाकडे जाऊन या.