दिवसा उघडणारा सोफा

मी एक जुना सोफा-कम-बेड आहे. मित्रांनो, माझे भाऊबंद दिवसा सोफा असतात आणि रात्री पलंग. माझं उलटं झालं. या घरातला मुलगा प्रयोगशाळेत कायमच्या रात्रपाळीला लागला आणि मी सकाळी उघडू लागलो. "आमच्याकडे सूर्य उगवला की रात्र होते," असं म्हणत वडील पाहुण्यांना स्टुलावर बसवत.

लोखंडी सांगाडा, जाड स्पंज आणि तपकिरी कापड घेऊन मी कारखान्यातून आलो, तेव्हा घरात माझं फार कौतुक झालं. वडील गॅरेजात मेकॅनिक. मुलाची झोप मोडू नये म्हणून ते माझ्या बिजागऱ्यांत नेमाने तेल घालत. आई शिलाई मशीन दुपारनंतरच चालवी. मुलगा झोपला की सगळ्यांनी कुजबुजायचं, अशी घराला सवयच लागली.

पुढे भांडणंही कुजबुजतच होऊ लागली. आईवडील दोघं दातओठ खात, पण आवाज चढत नसे. घटस्फोटसुद्धा माझ्यापासून दोन हातांवर, हलक्या आवाजात ठरला. पोरगा गाढ झोपेत आहे असं त्यांना वाटे. मला खरं ठाऊक होतं. झोपलेला माणूस अंग सोडून देतो. हा मुठी आवळून पडलेला असे. "मी उठलो की ते मोठ्यानं बोलतील, आणि मग सगळं खरं होईल," असं त्याने एकदा मोठ्या बहिणीला सांगितलं होतं.

घर विकायचं ठरलं. एका सुट्टीच्या सकाळी सामानाची वाटणी सुरू झाली. वडिलांच्या वस्तूंवर निळा कागद, आईच्या वस्तूंवर पिवळा. कपाट निळं झालं, मशीन पिवळं. फिरत फिरत दोघं माझ्यापाशी आले. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"हा सोफा तुम्ही न्या," आई कुजबुजली.

"माझी खोली एवढीशी. तूच ठेव."

"आणि याचं काय?" तिने मुलाकडे पाहिलं.

"घोडा झालाय आता. दोघंही पोरं कमावतात. बघतील आपापलं. वकीलही म्हणाले, मोठ्या मुलांच्या ताब्याचा प्रश्नच येत नाही."

माझ्यावरचं अंग ताठ झालं. मला करकरावंसं वाटलं, पण तेल फार मायेने घातलेलं होतं.

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "तो जागा आहे, बाबा. रोजच असतो."

आईच्या बोटाला पिवळा कागद चिकटलेला होता. तिने हात पाठीमागे नेला. वडील हातातल्या निळ्या कागदाची घडी घालत राहिले. मुलगा उठला. त्याने चादर आवरली, मला मिटवलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बसा दोघं. आता आमच्यासमोर बोला."

कित्येक वर्षांनी ते नवराबायको माझ्यावर शेजारी शेजारी बसले. मान कुणालाच वर करता येईना. घर काही वाचलं नाही; पण भावंडांना जागा मिळेपर्यंत विक्री थांबवायची, एवढं ठरलं. पुढे बहीणभावाने दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मला सोबत नेलं. माझ्यावर कुठल्याच रंगाचा कागद लागला नाही.

आता तेल घालायला कुणी नाही. मी करकरतो, आणि मुलगा तरीही अंग सोडून झोपतो. त्या सकाळची लाज मात्र माझ्या स्पंजातून जात नाही. मित्रांनो, माझ्यासारख्याला अधूनमधून तेल दिलंत, ऊन दाखवलंत की पुरे. पण ज्याची झोप इतकी जपता, त्याच्या घराविषयी काही ठरवायचं असेल, तर आधी त्याला उठवा.