कोपऱ्यातली तारीख

“अगं, तू तर आपल्या घरचीच! नॉर्मलसाठी पूर्ण प्रयत्न करू आपण,” सर म्हणाले आणि तिच्याकडे न बघताच तिची फाइल त्यांनी ट्रेमध्ये सरकवली.

ती खुशीत बाहेर आली. सात वर्षं या प्रसूतिगृहाच्या काउंटरवर बसून तिचं नावच ‘फाइलताई’ पडलं होतं. पहिल्या खेपेला सिझर झालेलं. आता सातवा महिना, आणि हे बाळ तरी आपल्या कळांनी, आपल्या वेळेवर यावं एवढीच तिची इच्छा. “दुसरा डॉक्टर बघू या का?” असं नवरा म्हणाला होता, तर त्याच्यावरच खेकसली होती, “घरचा डॉक्टर सोडून दारोदार फिरू?”

दुपारी फायली लावता लावता तिची स्वतःचीच फाइल हातात आली. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने तारीख लिहिलेली होती.

त्या तारखेचा अर्थ तिच्याइतका कुणाला ठाऊक? ज्या फाइलवर पेन्सिल, त्या बाईचं नाव त्या तारखेच्या ऑपरेशनच्या यादीत चढवायचं. आणि हे काम तिचंच. बाईला मात्र ‘प्रयत्न करू’ म्हणायचं. मग तारीख जवळ आली की पाणी कमी होतं, नाहीतर बाळ मोठं होतं, नाहीतर जुना टाका पातळ होतो. तीनच कारणं, आलटून पालटून. आज कोणतं निघणार यावर नर्स पैजा लावायच्या, आणि ही मेली त्यांच्याबरोबर खिदळायची! वर बाहेर येऊन बायकांना सांगायची, “काळजी करू नका हो, सर प्रयत्न करताहेत.”

शी! स्वतःची फाइल तिने ढिगाच्या तळाशी खुपसली.

“म्हणजे तुला सात वर्षं माहीत होतं?” नवऱ्याने संध्याकाळी विचारलं.

“दुसऱ्यांचं माहीत होतं. मला वाटलं, आपल्या माणसाला कोण कशाला फसवेल?”



दोन दिवसांनी रजा टाकून दोघं सरकारी दवाखान्यात गेली. कपाटातून जुनी फाइल तिने बरोबर घेतली होती. तिथल्या डॉक्टरबाई तिरसट. घरची-बिरची काही नाही. बसायच्या आधीच कागद मागितले आणि सगळे वाचून काढले.

“टाका आडवा आहे, मध्ये चार वर्षं गेलीत. प्रयत्न करण्यासारखं आहे,” त्या म्हणाल्या. “पण वचन देत नाही हं. कळा सुरू झाल्या की लगेच यायचं. आम्ही बाळाचे ठोके ऐकत बसू, ऑपरेशनची तयारीही ठेवू. ठोके बिघडले तर कापणार, तेव्हा रडारड चालणार नाही. पण सगळं नीट असेल तर नुसतं घड्याळ बघून कापणार नाही. कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली. इतकं रोखठोक या विषयावर कुणी तिच्याशी बोललंच नव्हतं.

“मागच्या वेळी किती तास कळा दिल्या?”

“कळा आल्याच नव्हत्या. पाणी कमी झालं होतं ना, म्हणून सरांनी...”

“कागदावर तर वेगळंच आहे.” बाईंनी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. ‘प्रसूतीची प्रगती थांबल्याने शस्त्रक्रिया.’ “कळाच नाहीत, तर प्रगती कसली थांबली? आणि तेव्हाच्या सोनोग्राफीत तर पाणी चांगलं भरपूर आहे.”

ती त्या ओळीकडे बघत राहिली. ओळ तिचीच होती. “रोज काय नवं टाइप करत बसतेस? एकच ओळ कायमची टाकून ठेव,” असं सर म्हणाले होते, आणि तिने हौसेने टाकली होती. तेव्हापासून सिझरच्या प्रत्येक कार्डावर ती आपोआप छापून यायची. ही खाटेवर असताना बदलीच्या मुलीने हिच्या कार्डावरही तीच छापली. हिने चार वर्षांत ते कार्ड उघडून वाचलं नाही. लेकीला मात्र दर वाढदिवसाला कौतुकाने सांगायची, “सर नसते तर तू नसतीस गं!”

सरांची किळस आली ती आलीच. पण त्याहून जास्त आली ती स्वतःच्या दहा बोटांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर आठव्या महिन्यातली एक बाई आली, बरोबर सासू. हिचंही पहिलं सिझरच.

“ताई, सर नॉर्मलचं बघतील ना हो?”

तिने फाइल उघडली. कोपरा बघितला.

“नाही बघणार. ही तारीख दिसतेय? तुमच्या ऑपरेशनची आहे, आधीच ठरवलेली.”

“म्हणजे काय?” सासू पुढे झाली.

“म्हणजे तुम्हाला फसवताहेत. मीही फसवत होते. ही फाइल तुमची आहे, घरी घेऊन जा. आत मागच्या ऑपरेशनचा कागद आहे, तो दुसऱ्या डॉक्टरला आधी दाखवा. जो तो नीट वाचून तुम्हाला प्रश्न विचारेल, त्याच्याकडेच नाव घाला.”

दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत उठल्या. फाइल पोटाशी धरून ती बाई दाराबाहेर गेली.

“फाइलताई, पुढची पाठव!” केबिनमधून सरांचा आवाज आला.

“पुढची गेली, सर.”

बाकावर अजून अकरा जणी बसल्या होत्या. तिने ट्रेमधली दुसरी फाइल उचलली, खालचा कोपरा बघितला आणि त्या बाईला जवळ बोलावलं.